तुमचं बाळ, तुम्ही सांगाल तसं

४ ऑक्टोबर

ताई,

घरात फोन नाही, आणि कामावर, दातांच्या लॅबमध्ये, जाऊन करायचा तर तो मालकांच्या टेबलावर. त्यांच्यासमोर मला रडू फुटलं की ते बिचारे हातातली कवळी तशीच धरून पाणी आणायला उठतात. म्हणून पत्र. तूही पत्रच लिही. तुझं बोलणं मला दोनदा वाचायला हवं असतं.

माझी रजा या महिन्यात संपते. दातांचे साचे साठलेत, माणसं बोळकी घेऊन बसलीत, लवकर ये, असा मालकांचा निरोप आहे. तेव्हा गोटीला दिवसभर कुठेतरी ठेवणं आलं. ती जन्मली तेव्हा कशी होती ते तू पाहिलंयस. काचेच्या पेटीत एवढीशी, नर्सनं तळपायाला टिचकी मारली की मग श्वास घ्यायची. आता चांगली गुबगुबीत झाली आहे, डोकं तर नावाला शोभेल असं गोल आहे, तरी मी अजून तिच्या नाकाशी बोट धरून बघते. तिचा बाबा म्हणतो, एक दिवस ती ते बोट चावेल आणि मगच तुझी खात्री पटेल.

दोन जागा पाहून आले. पाळणाघर चौकातल्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. स्वच्छ, उजेडाचं, प्रत्येक मुलाच्या खुंटीवर चित्र: मासा, छत्री, बादली. पण मुलं पुष्कळ, बायका तीन, आणि निम्म्या मुलांची नाकं वाहत होती. समोरासमोरच्या सगळ्या खिडक्या उघड्या. मी तिथल्या मॅडमना म्हटलं, माझ्या मुलीची छाती नाजूक आहे, तिच्या खाटेजवळची तेवढी बंद ठेवाल का? त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, बाळाला स्वेटर घाला, खिडकी उघडीच राहील, इथे नियम आहे. माझं बोलणं संपायच्या आत त्या दुसऱ्या कोणाचं तरी नाक पुसायला गेल्या.

दुसरी जागा म्हणजे मागच्या गल्लीतल्या काकू. तळमजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर. एकट्याच असतात, घरी मुलं सांभाळतात. सध्या त्यांच्याकडे गल्लीतल्या शिंपीणबाईंची तीन वर्षांची मुलगी आहे. तिचं नाव गल्लीनं टकळी ठेवलंय, आणि ते चुकीचं नाही. मी बसले होते तेवढ्यात तिनं मला मांजर, चंद्र आणि तिच्या आईच्या मशीनबद्दल सगळं सांगून टाकलं. काकूंनी गोटीला घेतलं तर ती रडली नाही. मी दूध कसं, झोप कशी, कपडे किती हे सांगत सुटले, आणि काकू प्रत्येक गोष्टीला मान हलवून म्हणत होत्या, "तुमचं बाळ, तुम्ही सांगाल तसं."

गोटीच्या बाबाचं मत पाळणाघराला. चार माणसं बघतात तिथे ठेवावं, म्हणतो. बंद दाराआड एकट्या बाईजवळ मूल ठेवायचं म्हणजे आत काय चाललंय ते कोण बघणार? ते ऐकलं की मला तेही पटतं. ताई, मला दोन्हीकडे भीती वाटते. तू सांगशील ते करेन.

तुझं शेंडेफळ

११ ऑक्टोबर

शेंडे,

यात विचार करण्यासारखं काय आहे? काकू.

पाळणाघराचं नाव माझ्यासमोर काढू नकोस. आमचा दांडगोबा आज दारातून वाकून आत येतो आणि एका बैठकीत घर खाऊन टाकतो, पण तो गोटीएवढा असताना पाळणाघरातून न्यूमोनिया घेऊन आला होता ते मी विसरलेले नाही. तो दवाखान्यात धापा टाकत होता आणि तिथली बाई मला सांगत होती, सगळ्याच मुलांना होतं हो. सगळ्याच मुलांना. माझं एकच होतं.

आणि नियम म्हणे. शाळेच्या ऑफिसात मी टेबलामागे बसते, नियम कोणाच्या सोयीसाठी असतात ते मला नको सांगायला. तुझ्या बाबाला सांग, चार माणसं बघतात म्हणजे प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. मुलाला एक माणूस लागतं, आणि ते आपलं ऐकणारं लागतं. तुझ्या काकू ऐकतात. संपला विषय.

फक्त वाऱ्याकडे लक्ष दे. थंडी तोंडावर आली आहे. पाळणा कुठे ठेवतात, वारा कुठून येतो, हे स्वतः बघ. दार, खिडकी, फटी, काही सोडू नकोस. आपण सांगितलं नाही तर दुसऱ्याला सुचत नाही.

जेवतेस ना नीट? नाहीतर गोटी गुबगुबीत आणि आई काडी.

ताई

३ नोव्हेंबर

ताई,

गोटी काकूंकडे जायला लागली. पहिल्या दिवशी मी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. काकू दारातूनच हसून जा जा म्हणाल्या. लॅबमध्ये एका गृहस्थांच्या कवळीत समोरचे दोन दात उलटसुलट बसवले. ते तसेच गेले असते तर आयुष्यभर तिरके हसले असते.

आता बरं चाललंय. काकू गोटीला न्हाऊमाखू घालतात, कपडे गरम पाण्यात धुतात, टकळी पाळण्याशी उभी राहून गोटीला तास न् तास भाषण देते. गोटी ऐकून घेते. घरी आली की तीही "डा डा डा" करून सगळं बाबाला सांगते.

तू म्हणालीस तसा वारा शोधला, आणि सापडला. काकूंच्या न्हाणीघरात वर छताला लागून एक फट आहे, विटेएवढी, आडव्या लाकडी पट्ट्यांची, मागच्या बोळात उघडणारी. तिच्यातून गार वारा आत येतो, दाराखालून खोलीत शिरतो आणि नेमका पाळण्यावर. मी हात धरून पाहिलं, बोटं गारठली. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "पहिल्यापासून आहे हो, कशासाठी ते घरमालक जाणे." मग मीच मनावर घेतलं. लॅबमधून साच्यांचं प्लास्टर आणलं, वाटीत कालवलं आणि स्टुलावर चढले. तुला माहीत आहे, आमच्या कामात कवळी आणि हिरडी यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी गाल धरून दारात. तसाच हात चालवला. पट्ट्यांमधून भरलं, कडांना बोटानं दाबलं, ओल्या कापडानं गुळगुळीत केलं. काकूंनी स्टूल धरलं होतं. एवढंच विचारलं की पाणी तापवायचा गॅसचा गिझर इथेच आहे, त्याची वाफ कुठे जाईल? मी म्हटलं, फडक्यानं भिंती पुसून घ्या. त्या म्हणाल्या, "तुमचं बाळ, तुम्ही सांगाल तसं."

आता पाळण्यापाशी मेणबत्ती धरली तर ज्योत हलायची नाही. मला आज पहिल्यांदा नीट झोप लागेल असं वाटतंय.

शेंडेफळ

१० नोव्हेंबर

शेंडे,

शाबास. हे पाळणाघरात करू दिलं असतं का कोणी? त्या चष्मेवालीनं तुला स्टुलासकट जिन्यावरून खाली पाठवलं असतं.

आता खोलीच्या खिडकीच्या चौकटीलाही कापडाच्या पट्ट्या लाव. इथे थंडी अशी पडली आहे की दांडगोबासुद्धा आंघोळीचं नाव काढत नाही. तिकडेही पडेलच. गोटीसाठी टोपी विणते आहे. डोक्याचं माप पाठव, नाहीतर अंदाजानं विणलेली तिच्या बाबाला यायची.

ताई

२८ नोव्हेंबर

ताई,

टोपी पोचली, बसली. पण मी आज टोपीबद्दल लिहीत नाही. मला फार भीती वाटते आहे आणि बाबाला सांगितलं की तो म्हणतो, दात येताहेत.

गोटी झोपते, ताई. संध्याकाळी आणायला जावं तर झोपलेली असते. उचलली की मान खांद्यावर टाकून देते, डोळे उघडते आणि पुन्हा मिटते. गेल्या आठवड्यात घरी आणल्यावर दोनदा उलटी झाली. मग तासाभरानं हळूहळू माणसात येते, दूध पिते, खुळखुळा आपटते. सुट्टीच्या दिवशी तर अशी धुमाकूळ घालते की बाबा हात जोडतो. सोमवारी पुन्हा कापसाची बाहुली. दात येताहेत तर ते सुट्टीच्या दिवशी यायचे थांबतात का? दात काय करतात आणि काय करत नाहीत ते मला थोडंफार कळतं.

आणि काकू बदलल्यात. परवा मला विचारलं, बाळाला दूध दिलं का मी? मला, ताई, मी लॅबमध्ये होते. गोटीचे मोजे टकळीच्या पिशवीत घातले. डोकं जड आहे, ठणकतं, असं रोज म्हणतात आणि कपाळाला पट्टी बांधून बसतात. घर मात्र उबदार. थंडीमुळे गिझर दिवसभर धडधडत असतो, दारंखिडक्या गच्च, वाऱ्याचं नाव नाही. त्या बाबतीत त्यांनी माझा शब्द खाली पडू दिलेला नाही.

सगळ्यात भीती वाटली ती टकळीची. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली होती. मी म्हटलं, काय गं, आज मांजरीचं काय झालं? तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. जी मुलगी झोपेतसुद्धा बोलते असं तिची आई सांगते, ती एक अक्षर बोलली नाही.

मुलं झोपावीत, त्रास देऊ नये, म्हणून काही बायका दुधातून काहीतरी पाजतात असं लॅबमध्ये एकजण म्हणाली. त्या संध्याकाळी घरी येताच गोटीची बाटली मी हुंगून पाहिली, चाखून पाहिली. दुधाचीच चव होती. पण अशा औषधाला चव असते का?

लगेच लिही.

शेंडेफळ

३ डिसेंबर

शेंडे,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतच बसून राहिले. हेडमास्तर दोनदा काहीतरी विचारून गेले.

ती काहीतरी पाजते आहे. मला शंका नाही. दुसरं काय असणार? दोन पोरी, दोन्ही गप्प. घरी आल्या की बऱ्या, तिच्याकडे गेल्या की आडव्या. आणि स्वतःचं डोकं दुखण्याचं म्हणशील तर ते सोंग आहे. उद्या पकडली गेली तर म्हणता येईल ना, मीच आजारी होते, माझं लक्ष नव्हतं. गोड बोलणाऱ्या माणसांचं मला नेहमीच भय वाटतं. तुमचं बाळ, तुम्ही सांगाल तसं. तोंडावर हो म्हणायचं आणि दार लागलं की आपलं चालवायचं.

तिला आधी काही विचारत बसू नकोस. दुपारी अचानक जा. जे दिसेल ते बघ आणि पोरीला उचलून आण. मग पाळणाघर तर पाळणाघर. मी म्हणत होते ते विसर. न्यूमोनियावर औषध तरी आहे.

उशीर करू नकोस. मला कळव. रोज पोस्टमनची वाट बघते आहे.

ताई

१० डिसेंबर

ताई,

आणलं तिला. ती माझ्यासमोर जमिनीवर बसून चमचा आपटते आहे. तो आवाज ऐकत ऐकत लिहिते आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी मालकांना दाढ दुखतेय असं सांगून निघाले. दातांच्या लॅबमध्ये याहून वाईट कारण सुचलं नसतं, पण त्यांनी जाऊ दिलं. काकूंचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले. काकू पाळण्याच्या खाली जमिनीवर झोपल्या होत्या, एक हात पाळण्याच्या दोरीवर. टकळी भिंतीशी मुटकुळं करून. गोटी पाळण्यात. मी तिला हाक मारली, हलवली, गालावर चापटी मारली तेव्हा कुठे डोळे किलकिले केले. ताई, त्या क्षणी ती पुन्हा काचेच्या पेटीत असल्यासारखी वाटली मला.

मग मी ओरडले. एवढी ओरडले की गल्लीतली माणसं दारात आली. काकू उठून बसल्या, त्यांना मी कोण हेच आधी कळेना. मी विचारलं, "काय पाजलंत माझ्या मुलीला?" त्या म्हणाल्या, "दूध." मी म्हटलं, दुधात काय? तर पुन्हा, "दूध." मग म्हणाल्या, डोकं फुटतंय हो, जरा पडले होते. सगळ्यांसमोर मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या आणि गोटीची दुपटी घडी करून पिशवीत घालत होत्या. घडी जमत नव्हती.

शिंपीणबाईंनाही जाऊन सांगितलं. त्या घाबरल्या, रडल्या, पण म्हणाल्या, मी कापडं शिवते, मशीन सुईचं, पोरीला कुठे बसवू? तुम्हाला पाळणाघर परवडतं. टकळी अजून तिथेच जाते. मी गल्लीत आणखी दोघीतिघींना सांगितलं, म्हणजे निदान नवं मूल तरी कोणी ठेवणार नाही.

गोटी पाळणाघरात रुळली. तिच्या खुंटीवर बेडकाचं चित्र आहे. नाक वाहतं. पण ती जागी असते, ताई. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मला बघून तिनं किंकाळी मारली आणि रांगत आली. याहून वेगळा पुरावा मला नको. तुझं बरोबर होतं.

तरी एक मनातून जात नाही. काकूंनी पिशवी देताना माझ्याकडे बघितलं, तेव्हा चोरी पकडली गेलेल्या माणसासारखं त्यांचं तोंड नव्हतं. आजारी माणसासारखं होतं. असो. सोंग असेल.

शेंडेफळ

१५ डिसेंबर, संध्याकाळ

शेंडे,

तू फोन टाकून पळालीस आणि मी इथे बसले आहे. पलीकडून तुझे मालक हॅलो हॅलो करत होते, त्यांना मी काय सांगितलं आठवत नाही. तुझ्याकडून काही कळेपर्यंत काय करू? म्हणून लिहिते आहे. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, फक्त "ती फट फोड, ती फट फोड" एवढंच म्हणत होते. तुला वाटलं असेल ताईला वेड लागलं.

आज रक्तदाब मोजायला डॉक्टरांकडे गेले होते. दंडाचा पट्टा फुगत होता आणि मी तुझ्या काकूंची कथा सांगत होते. मला फक्त त्या औषधाचं नाव हवं होतं, म्हणजे पोलिसात सांगता येईल. माझी रसवंती सुरू होती आणि डॉक्टर पंप दाबायचे थांबले. म्हणाले, "त्या बाईंचं स्वतःचंही डोकं दुखतं? रोज?" मी म्हटलं, सोंग आहे ते. ते म्हणाले, "विसरतात? झोपतात? घरात पाणी कशावर तापवतात?" मी सांगितलं. "हवा जायला वाट आहे का?" आणि शेंडे, मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, होती, पण माझ्या बहिणीनं स्वतः प्लास्टर घालून बुजवली, तिचा हात फार सफाईचा आहे.

त्यांनी पट्टा सोडला. गॅस जळताना हवा मिळाली नाही की विषारी वायू तयार होतो, म्हणाले. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, उलट्या होतात, झोप येते, आणि मग माणूस उठत नाही. लहान मुलांना आधी. बाहेर नेलं की बरं वाटतं. त्यांच्या टेबलावरचा फोन मी न विचारताच उचलला.

तिनं काही पाजलं नव्हतं, शेंडे. ती त्याच हवेत पोरींच्या बरोबर झोपत होती. आणि ती शिंपिणीची पोरगी आजही तिथे आहे.

कापडाच्या पट्ट्या लावायला मी सांगितलं. शाबास मी म्हटलं. सोंग आहे असं मी लिहिलं, इथे, याच टेबलाशी बसून. लिहिताना मला जरासुद्धा शंका आली नाही.

रस्त्यावर पायांचा आवाज झाला की मी दाराशी जाते. काहीही असलं तरी कळव.

ताई

४ जानेवारी

ताई,

तार मिळाली असेलच. दोघी वाचल्या. त्यापलीकडे लिहायला आज हात उचलला.

मी साचे फोडायची हातोडी घेऊन पळाले होते. कशी पोचले आठवत नाही. काकूंचं दार या वेळी आतून लावलेलं होतं. मी ओरडले तशी शिंपीणबाई मशीन सोडून आल्या, त्यांनी काही विचारलं नाही, दोघींनी मिळून खांद्यांनी दार तोडलं. आत गरम होतं, दमट, गिझर धडधडत होता. टकळी पाळण्याजवळ. तिच्या आईनं तिला उचललं आणि बाहेर पळाली. काकू न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडल्या होत्या, नळ वाहत होता, बादलीत टकळीचे कपडे. मी गॅस बंद केला, त्यांना काखेत हात घालून ओढत आणलं. त्या किती हलक्या आहेत, ताई. गल्लीतल्या माणसांनी पुढचं बघितलं. सगळे गेल्यावर मी नाकाला ओलं फडकं बांधून पुन्हा आत गेले आणि स्टुलावर चढून ती फट फोडली. फार घट्ट बसली होती. घाव घालून घालून हात सोलवटले तेव्हा पहिला तुकडा निघाला.

टकळीला दवाखान्यात नळीनं प्राणवायू दिला. पहाटे तिनं डोळे उघडून नर्सला विचारलं, तुझी टोपी पांढरी का? शिंपीणबाई ते ऐकून जमिनीवर बसल्या. मी दाराशी होते. आत जायचं धाडस झालं नाही.

गोटीला डॉक्टरांनी नखशिखांत तपासलं. काही नाही म्हणाले, वेळेवर काढली. मी तिला वेळेवर काढली, हे ऐकून माझ्याच्यानं तिथे उभं राहवेना. ती पाळणाघरातच राहणार. मॅडमना मी सगळं सांगितलं तशा त्या उठून एक बंद झालेली खिडकी उघडून आल्या.

काकू काल घरी आल्या. त्यांच्या एका भाचीनं घर धुऊन पुसून ठेवलं होतं, गिझर काढून टाकलाय. आज मी गेले. तू म्हणशील लगेच जायला हवं होतं. मी दवाखान्यात रोज जात होते, पण त्या झोपलेल्या असताना. जाग्या असताना जायची मला भीती वाटायची.

त्या खाटेवर बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. गेल्या महिन्यातलं त्यांना पुष्कळसं आठवत नाही. डॉक्टर म्हणतात काही परत येईल, काही नाही. मी केलेलं भांडण त्यांना आठवत नाही. गल्लीसमोर बोलले ते काहीच नाही. त्यांनी माझ्यामागे बघितलं, गोटी आहे का म्हणून, आणि विचारलं, "बाळाला आणत नाही का हो आता? माझं काही चुकलं का?"

ताई, मी काहीही सांगू शकले असते. तुम्हाला बरं नव्हतं म्हणून दुसरीकडे ठेवली, एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती. मला तेच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण कपडे वाळत घालायला निघालेली एक बाई दारावरून जाताना आत बघून पुटपुटली, आणि काकू म्हणाल्या, सगळे असं का बघतात कळत नाही, कालपासून कोणी विचारपूससुद्धा केली नाही. मग मी सांगितलं. फट मी बुजवली, तुम्ही विचारलं होतं तरी बुजवली, मग तुम्ही मुलांना औषध पाजता असं मीच गल्लीभर सांगितलं. सगळं, एका दमात.

त्या न्हाणीघराच्या उघड्या दारातून वरच्या फटीकडे बघत होत्या. तिच्यातून वारा येत होता, मी शाल त्यांच्या अंगावर घालायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"मी सांगितलं तर कोणी ऐकायचं नाही," त्या म्हणाल्या. "म्हातारी स्वतःला वाचवते म्हणतील. तुम्ही सांगा. जिथे जिथे ते सांगितलं, तिथे तिथे हेही सांगा. मला या गल्लीत राहायचंय."

माफी त्यांनी मागू दिली नाही. मला उठायलाही सांगितलं नाही. मी बराच वेळ बसले, मग आपणहून निघाले.

बाबा म्हणाला, मी येतो बरोबर. मी नको म्हटलं. उद्या लॅबला जायच्या आधी शिंपीणबाईंकडे जाईन, मग समोरच्या घरात, मग वाण्याच्या दुकानात, कारण तिथेही बोलले होते. गोटीच्या आईनंच हे केलं, असं उद्यापासून ही सगळी माणसं म्हणतील, आणि ते खरं असेल. दार तोडताना मला भीती वाटली नव्हती, ताई. आता शिंपीणबाईंच्या मशीनचा आवाज इथपर्यंत येतोय आणि मला भीती वाटते.

तरी जाईन.

शेंडेफळ